आभारवाले सबनीस

"अगं, हे आपले आभारवाले," अंबूबाई आपल्या नव्या सुनेला म्हणाल्या, आणि मल्लेश्वरम्‌च्या कॉफीच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या रत्नाकर सबनीसाला आपण कुणाकडे पाहून हसतो आहोत तेच कळेना. सून, तिचं नाव प्रतिमा, महिन्यापूर्वीच सोलापूरहून आलेली. वाकून नमस्कार करावा की नुसते हात जोडावेत या घोळात तिनं दोन्ही अर्धं अर्धं केलं. अंबूबाईंच्या मनात काही वाकडं नव्हतं. तसं असतं तर बरं झालं असतं, रागावता तरी आलं असतं. दूधवाले, पेपरवाले, तसे आभारवाले, इतक्या सहज त्यांनी ते म्हटलं होतं. "मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असू दे, शेवटी हे उभे राहतात. एकाचं म्हणून नाव सुटायचं नाही हो यांच्या तोंडून," त्या कौतुकानं सांगत होत्या. चक्कीत बिया भरडत होत्या, दुकानभर तो कडू, गरम वास पसरला होता. दुकानदारानं चिकोरी किती घालू म्हणून कन्नडमध्ये विचारलं तेव्हा रत्नाकर नेहमीसारखा "स्वल्प" म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला वाटलं, आपण जिथंतिथं हेच म्हणत आलो. पुडा हातात घेऊन तो बाहेर पडला. आभारवाले. म्हणजे हे नाव आजचं नव्हतं. ते वापरून वापरून गुळगुळीत झालेलं होतं. मल्लेश्वरम्‌पासून बसवनगुडीपर्यंत बंगळूरात जेवढी म्हणून मराठी घरं होती, तेवढ्यांतून ते चहाबरोबर, पोह्यांबरोबर वर्षानुवर्षं घेतलं जात असणार, आणि ते ठाऊक नसलेला गावात एकटा तोच होता. आणि ते कळायला दिवस तरी कोणता निघावा! उद्या संध्याकाळी मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेत मुख्य वक्ता म्हणून तो उभा राहणार होता.

ती सवय लागली कशी, हे आठवायला त्याला फार मागं जावं लागलं नाही. टेलिफोनचा कारखाना नवा होता, बंगळूरही अजून अंगवळणी पडायचं होतं, मंडळाचा पहिलाच गणेशोत्सव त्यानं पाहिला, आणि आभार मानणाऱ्या गृहस्थांचा घसा बसला म्हणून कुणीतरी या तरुण इंजिनिअरला पुढं ढकललं. त्यानं सगळ्यांची नावं न चुकता घेतली: वक्ते, पाहुणे, ध्वनिक्षेपकवाला, खुर्च्या देणारी शेजारची शाळा, हारवाली सोयराबाई. लोक म्हणाले, वा. त्या एका 'वा'पायी पुढची बारा-पंधरा वर्षं गेली. काम नेटकं करणाऱ्याच्या गळ्यात तेच काम कायमचं बांधतात, हे त्याला फार उशिरा कळलं. शिवाय आभारांचं गुपित त्याला पहिल्याच वर्षी उमगलं होतं. आभार कुणीही ऐकत नाही. 'आता आभारप्रदर्शन' हे शब्द ध्वनिक्षेपकातून बाहेर पडायचा अवकाश, सभागृह उठायला लागतं. बसल्या बसल्या पाय चपला चाचपतात, आया पेंगुळलेली पोरं हलवतात, मागच्या पडवीत कॉफीची भांडी वाजू लागतात. व्यासपीठावरचे पाहुणे एकमेकांच्या कानाला लागतात, आणि आपलं नाव आलं की तेवढ्यापुरते वळून हात जोडतात. शेवटी टाळ्या पडतात त्या संपलं म्हणून. हे सगळं डोळ्यांसमोर घडत असताना रत्नाकर पाठींकडे पाहून गोड, गोल, घोटलेली वाक्यं बोलत राहायचा. आणि खोटं कशाला सांगा, त्याला ते आवडायचंही. ऐकत नाहीत म्हटल्यावर भीती कसली?

पट्टीचं मात्र तसं नव्हतं. पट्टी त्याची होती. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये खोल्याच्या खोल्या भरून रिले नावाची यंत्रं असतात आणि त्यांत बोटाएवढ्या लांबीच्या काशाच्या पातळ पट्ट्या. कुणी नंबर फिरवला की पट्टी वाकते, दुसरीला टेकते, सोडली की होती तिथं परत येते. दिवसभर हेच. या पट्ट्या परदेशातून यायच्या. आपल्याकडं केलेली पट्टी काही महिन्यांत थकायची. एकदा वाकली की वाकलेलीच राहायची, आणि मग फोन उचलला की नुसतं घूं घूं. चार वर्षं रत्नाकर कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये एका छोट्या भट्टीपुढं बसला होता. सगळे जण आच वाढवायला सांगायचे, त्यानं कमी केली. भडक आचेनं पट्टी नुसती ऐट दाखवते, मंद आचेवर बराच वेळ राहू दिली तर तिच्या अंगातला ताण निघून जातो, हे त्याला एका दुपारी कळलं तेव्हा शेडमध्ये दुसरं कुणीही नव्हतं. पट्टी वाकवून सोडली आणि ती बरोबर जागेवर आली. पुन्हा वाकवली, पुन्हा आली. आनंदानं ओरडावं तर ऐकायला माणूस नव्हतं, म्हणून तो बाहेर येऊन नळाखाली तोंड धुऊन परत आत गेला. अहवाल गेला तो विभागप्रमुख डॉक्टर अरविंद चांदोरकर यांच्या नावानं. खाली बारीक टायपात 'आणि सहकारी'. दिल्लीहून मंत्री आले तेव्हा चांदोरकरांनी दोन बोटांत पट्टी वाकवून टक्‌कन सोडली, मंत्री हसले, फोटो निघाला. पुढं पदक मिळालं, सत्कार झाला. त्या सत्कारात इंग्रजीतून आभार कुणी मानले, हे सांगायला नकोच.

व्याख्यानाची संधी आली तीही उष्टीच. पुण्याचे प्राध्यापक येणार होते, त्यांची तार आली, प्रकृती ठीक नाही. मंडळाचे चिटणीस कृष्णाजी, मूळचे अथणीकडचे, चिकपेटेत त्यांचं कापडाचं दुकान, ते सकाळी सकाळीच दारात उभे. "अण्णा, आता तुम्हीच उभं राहायचं बघा. नाही म्हणू नका. तुमची ती पट्टी का काय आहे की नाही, तिच्यावर बोला की. लोकांना नवीन काय तरी मिळतंय." रत्नाकरनं आढेवेढे घ्यायला तोंड उघडलं तोवर आतून हेमलता म्हणाली, "बोलतील ते. लिहून घ्या नाव." कृष्णाजी खूष. "सरी, सरी, ठरलं तर. आणि इंग्रजी पेपरचा माणूस पण आणतो मी. दुकानाची जाहिरात देतोय की त्यांना, येतंय ते. फोटोबिटो येऊन सोडू दे तुमचा." ते गेल्यावर हेमलता त्याच्याकडं पाहत राहिली. भट्टीची चार वर्षं तिनंही काढली होती, उशिरा गार झालेली जेवणं पुन्हा पुन्हा गरम करत. "पेपरात येऊ दे एकदा तुमच्या नावानं," ती म्हणाली. "मग चांदोरकर काय करतात बघू." तिला पदक नको होतं, बढतीही नको होती. ही पट्टी यांनी केली, एवढं चार लोकांत एकदा म्हटलं जावं आणि ते छापून यावं, एवढंच तिला हवं होतं. त्यालाही तेवढंच हवं होतं, पण हवं आहे हे कबूल करायला तिची गरज पडली.

कब्बन पार्कातल्या लायब्ररीतून त्यानं भाषणकलेवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. लेखक कुणी अमेरिकन होता आणि फार उत्साही होता. समोरच्यांतला एक चेहरा निवडा आणि त्याच्याशी बोला, असं त्यात होतं. श्रोते घरी जाताना तुमचं एकच वाक्य बरोबर नेतात, तेव्हा ते वाक्य कोणतं हे आधी ठरवा, असंही होतं. वाक्य ठरवायला रत्नाकरला वेळ लागला नाही. 'ही पट्टी मी केली.' कागदावर लिहून पाहिलं तेव्हा ते इतकं उघडं दिसलं की त्यानं आजूबाजूला पाहिलं. कपाटाच्या आरशासमोर उभा राहून तो बोलू लागला आणि हेमलता परातीत तांदूळ निवडत ऐकू लागली. "पहिलंच वाक्य ते टाका," ती म्हणाली. "असं कसं? आधी अध्यक्ष, मंडळ, श्रोते, यांना उद्देशून काही नको?" म्हणून ते प्रस्तावनेनंतर गेलं. दुसऱ्या खेपेला त्याला वाटलं, रिले म्हणजे काय हेच लोकांना ठाऊक नाही, तर पट्टी कुणी केली यात त्यांना काय गम्य. म्हणून ते मध्यावर गेलं. मग वाटलं, मध्यावर ते तक्रारीसारखं वाटतं. शेवटी आलं तर त्याला वजन येईल. हेमलतानं परात खाली ठेवली. "सरकवत सरकवत नेताय तुम्ही ते. उद्या दाराबाहेर जाईल." तो चिडला. भाषणातलं तिला काय कळतं, असं काहीतरी बोलला. ती खडे घेऊन उठून गेली, आणि आरशातला माणूस हात जोडल्यासारखे धरून उभा आहे हे त्याच्या लक्षात आलं. आभार मानताना तो तसाच उभा राहायचा. त्यानं हात मागं घेतले, मग खिशात घातले, मग बाजूला सोडले. आपल्या हातांचं काय करावं, हे काही त्या पुस्तकात नव्हतं.

आणि याच आठवड्यात त्यानं ती चूक केली, जी आभारवालाच करू जाणे. कुणाला राहून गेल्यासारखं वाटू नये, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. निमंत्रणपत्रिका छापून आल्या, त्यानं कारखान्यातल्या प्रत्येक मराठी माणसाच्या टेबलावर एक एक ठेवली, आणि पाय आपोआप चांदोरकरांच्या केबिनकडं वळले. पत्रिका पुढं करताना तो म्हणालासुद्धा, "साहेब, आपल्याला वेळ कुठला, यायलाच हवं असं नाही." चांदोरकरांनी चष्म्यावरून पाहिलं. "पट्टीवर बोलताय? अरे वा, सबनीस! येणार तर." केबिनबाहेर आल्यावर रत्नाकरला आपण काय करून बसलो ते कळलं. घरी त्यानं सांगितलं नाही. उलट स्वतःची समजूत घातली, की बरंच झालं, त्यांच्या तोंडावर सांगता येईल. अशी समजूत घालायला माणसाला फार हुशारी लागत नाही.

आता कॉफीचा पुडा टेबलावर ठेवून तो भाषणाचे कागद पुन्हा वाचायला बसला तर प्रत्येक ओळीतून अंबूबाईंचा आवाज येऊ लागला. आभारवाले. मंडळाचे ऋणी, कारखान्याचे उपकार, सहकाऱ्यांचा हातभार. पान संपेपर्यंत त्यानं कितीजणांपुढं मान तुकवली होती! लहानपणी सांगलीला वडील कुणाच्या घरून ताक आणलं तरी भांडं रिकामं परत पाठवायचे नाहीत, आणि हे त्याला त्या वेळी फार मोठेपणाचं वाटायचं. आज वाटलं, त्या भांड्यात चिमूटभर साखर घालता घालता घरातला डबा रिता झाला. त्यानं पेन घेऊन ऋण, उपकार, हातभार सगळं खोडलं. मागं राहिली ती रिले, आच, ताण आणि ते एक वाक्य. ते त्यानं थेट पहिल्या ओळीत नेऊन ठेवलं. पत्रिका दिल्याचंही हेमलताला सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, "येऊ देत. ऐकतील."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभागृह खरोखरच भरलं होतं. रत्नाकर कोट घालून व्यासपीठाच्या पायरीशी उभा होता, आणि दाराशी एक गाडी थांबली. चांदोरकर उतरले. कृष्णाजींची एकच धांदल उडाली. एवढा मोठा माणूस आला आणि त्याला खाली खुर्चीत बसवायचं? व्याख्यानाला अध्यक्ष तर लागतोच. ठरलेले अध्यक्ष, एक निवृत्त हेडमास्तर, आपण होऊन बाजूला झाले, आणि बघता बघता चांदोरकर मधल्या खुर्चीत, गळ्यात सोयराबाईचा हार. कृष्णाजी रत्नाकरच्या कानाशी आले. "काय नशीब बघा तुमचं, अण्णा! तुमचेच साहेब अध्यक्ष." अध्यक्ष म्हणजे समारोप. शेवटचा शब्द त्यांचा. रत्नाकरनं मागं पाहिलं. हेमलता पडवीच्या दारात उभी होती, तिनं नुसती मान हलवली. तो बोलायला उभा राहिला. पहिली ओळ समोर होती. सभागृह शांत होतं, इतकं शांत सभागृह त्यानं व्यासपीठावरून कधी पाहिलंच नव्हतं. पाठी नव्हत्या, सगळे चेहरेच होते, आणि ते सगळे त्याच्याकडं बघत होते. हात नकळत जोडले गेले. डाव्या बाजूला हाराचा वास येत होता. "आदरणीय अध्यक्ष महाराज," तो म्हणाला, आणि पुढं जे आलं ते कागदावर नव्हतं, "ज्यांच्या मार्गदर्शनाखाली हे काम झालं..." ते आपोआप आलं, नळ सोडल्यासारखं. चांदोरकरांनी मान लववली. मग तो रिलेबद्दल बोलला, आचेबद्दल बोलला, पट्टी वाकवून दाखवली, बोलला चांगलाच. लोक ऐकत होते. वाक्य मध्यावर टाकता आलं असतं, तिथं घसरलं. शेवटी टाकता आलं असतं, तिथं "धन्यवाद" आलं. टाळ्या पडल्या तेव्हा पडवीच्या दारात हेमलता नव्हती.

मग चांदोरकर उठले. वार्ताहर नुकताच येऊन पहिल्या रांगेत बसला होता. तो तमिळ की तेलुगू कोण होता कुणास ठाऊक, पण त्याला मराठी येत नाही हे पाहून चांदोरकरांनी समारोप इंग्रजीतून केला. "जेव्हा मी ही पट्टी करायला घेतली," अशी सुरुवात होती. मंद आच, ताण, ती दुपार. दुपारसुद्धा! रत्नाकरनंच ती कधीतरी त्यांना उत्साहाच्या भरात सांगितली होती. वार्ताहर भराभर लिहून घेत होता. समारोप संपताच कृष्णाजी वार्ताहराला कॉफीसाठी धरायला धावले, आणि धावता धावता त्यांनी व्यासपीठाकडं हात केला. "अण्णा, आभार तुम्हीच उरकून टाका! तुमच्यासारखं कुणाला जमतंय?"

रत्नाकर पुन्हा ध्वनिक्षेपकापुढं आला. खुर्च्या सरकल्या, पोरं रडू लागली, पडवीत भांडी वाजली. सगळीकडं ओळखीच्या पाठी. एकदम त्याची भीती गेली. त्यानं नावं घेतली: ध्वनिक्षेपकवाला, शाळा, सोयराबाई. आणि मग त्याच गोड, घोटलेल्या आवाजात तो म्हणाला, "आणि एक सांगायचं राहिलं. ही पट्टी मी केली. चांदोरकरसाहेबांनी केलेली नाही. चार वर्षं भट्टीपुढं मी बसलो, साहेब त्या शेडमध्ये एकदाही आले नाहीत. अहवालावरचं नाव खोटं आहे, पदक खोटं आहे, आणि आत्ता तुम्ही ऐकलंत तेही खोटं आहे." ध्वनिक्षेपक चालू होता. शब्द भिंतीवर आपटून परत आलेले त्यानं स्वतः ऐकले. वार्ताहराशी बोलत असलेले चांदोरकर आपलं नाव ऐकून वळले, हसून सभागृहाला हात जोडले, आणि पुन्हा बोलू लागले. कुणीतरी शाल राहिली म्हणून हाका मारत होतं. टाळ्या पडल्या, नेहमीसारख्याच. फक्त मधल्या रांगेत एक चेहरा त्याच्याकडं वळलेला होता. प्रतिमा. आभार ऐकायचे नसतात हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. ती खुर्चीत तशीच बसून राहिली होती, तोंड किंचित उघडं.

पडवीत कॉफी घेताना ती त्याच्यापासून चार पावलांवर सासूला हळूच विचारताना त्याला ऐकू आली, "ते शेवटी काय म्हणाले, ऐकलंत का तुम्ही? पट्टी म्हणे त्यांनी—" "अगं, आभारात असंच काहीबाही बोलायचं असतं," अंबूबाई म्हणाल्या. "ती कपबशी दे इकडं." पण सुनेचं समाधान झालं नाही. तिनं सरळ त्याच्याकडं पाहिलं, खरं का, असं विचारणारं ते पाहणं होतं. पलीकडं चांदोरकर उभे, वार्ताहर उभा, कृष्णाजी उभे. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. एक चेहरा निवडा, असं पुस्तकात होतं. इथं तर चेहऱ्यानं त्याला निवडलं होतं. रत्नाकर हसला. "कॉफी मिळाली ना तुम्हाला?" तो म्हणाला. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मिटलं, आणि तीही हसली. चांदोरकर जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सबनीस, आभार फर्स्ट क्लास हं!"

घरी जाताना हेमलता दोन पावलं पुढंच चालत होती. आठव्या क्रॉस रस्त्याच्या कोपऱ्यावर तिनं विचारलं, "वाक्य कुठं गेलं?" "बोललो," तो म्हणाला. "कधी?" "आभारात." ती थांबली. तिला रडू येईल असं त्याला वाटलं, पण तसं काही झालं नाही. "मी कॉफी गाळत होते," ती म्हणाली. "आभार सुरू झाले की गाळायला घ्यायची, असं ठरलेलंच असतं." आणि ती पुढं चालू लागली. तिच्या मागून चालताना त्याला स्वतःशी कबूल करावं लागलं, की आपण ते तिथं बोललो तेच मुळी तिथं कुणी ऐकत नाही म्हणून.

सकाळी पेपर आला. आतल्या पानावर, लग्नाच्या जाहिरातींच्या वर, बातमी होती. स्वदेशी पट्टीचे जनक डॉक्टर ए. चांदोरकर यांनी मराठी मंडळात आपल्या संशोधनाची रंजक हकीगत सांगितली. शेवटी श्री. आर. सबनीस यांनी आभार मानले. हेमलतानं ते वाचून पेपर त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि आत जाऊन त्याचा डबा भरू लागली. त्यानं ती ओळ दोनदा वाचली. आधी मनात आलं ते हे, की ऐकलं नाही कुणी, सुटलो. मग त्यानं पाहिलं, की इंग्रजी पेपरवाले मराठी नावांचं हमखास वाटोळं करतात, पण सबनीस मात्र बिनचूक छापलं होतं. त्याला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची लाज वाटायला लागेपर्यंत कोपऱ्यावर कारखान्याच्या बसचा भोंगा वाजला.